खंडेनवमीचे त्रेसष्ट हल्ले

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास चारकोपच्या सहवास सोसायटीच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पस्तीस घरांची ही बैठी सोसायटी. मधोमध अंगण, त्यात एक चाफा, पाण्याची टाकी आणि कॅरमचं टेबल. एरवी रविवारी या टेबलाभोवती चार खेळणारे आणि दहा सल्ले देणारे असतात. त्या दिवशी मात्र टेबलावर दत्ताराम परबांचा घरचा कॉम्प्युटर मांडला होता. गणपतीत लावतात तो सोसायटीचा मोठा टीव्ही त्याला जोडला होता. खुर्च्या, स्टुलं, पायऱ्या, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसली होती, कारण सुबोध सर येणार होते.

हे गृहस्थ कुठल्या शाळेतले सर, ते कोणालाच माहीत नव्हतं. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यावर त्यांची पाटी होती, ‘डिजिटल शुद्धी केंद्र’. गळ्यात ओळखपत्र, खिशात तीन पेनं आणि हातात चंदेरी पेन ड्राइव्ह. त्या पेन ड्राइव्हला ते ‘महाकवच’ म्हणत आणि तो टेबलावर ठेवण्याआधी कपाळाला लावत. महिन्यापूर्वी परबांचा कॉम्प्युटर मंदावला, तेव्हा सरांनी फुकट तपासणी करून त्यात महाकवच भरलं. त्या दिवसापासून पडद्यावर रोज लाल चौकट यायला लागली, भोंगा वाजायला लागला आणि आपल्या यंत्रात शेकडो विषाणू आहेत हे परबांना पहिल्यांदा कळलं. सर दर रविवारी यायचे, विषाणू मारायचे. सोमवारी ते पुन्हा जिवंत व्हायचे. तरी सरांबद्दलचा आदर वाढतच चालला होता, आणि सोसायटीतल्या अकरा घरांनी महाकवच घेऊनही टाकलं होतं.

“बाजारातले अँटिव्हायरस वरवर झाडू मारतात,” सरांनी सुरुवात केली. “आपलं महाकवच रूटला जातं. रूट म्हणजे मूळ. हे क्वांटम तरंगांवर चालतं, म्हणून सगळ्यांनी मोबाईल बंद करा. आणि मनात शंका आणू नका. शंकेचेसुद्धा तरंग असतात, त्याने स्कॅनिंग बिघडतं.”

मोबाईल बंद झाले. शंका बहुतेकांनी आणलीच नव्हती. सरांनी बटण दाबलं, भोंगा वाजला आणि टीव्हीवर लाल आकडा आला, ४१७. बायकांनी पदर सावरले. सरांनी डोळे मिटून उजवा तळवा पडद्यासमोर धरला आणि सावकाश खाली आणला. तळव्याबरोबर आकडाही उतरू लागला. तीनशे, एकशे नव्वद, चाळीस, शून्य. लाल चौकट हिरवी झाली आणि अंगणात टाळ्या वाजल्या.

आपल्या दारात उभी राहून हे पाहणारी संघमित्रा साळवे टाळ्या वाजवत नव्हती. महापालिकेच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवून तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. आता ती संध्याकाळी दहावीच्या मुलांना इंटरनेटवरून शिकवायची. सरांनी पहिल्या दिवशी तिच्याही दारात येऊन पेन ड्राइव्ह पुढे केला होता. तेव्हा तिने साधा प्रश्न विचारला होता, “विषाणू कोणत्या फाईलमध्ये आहे ते दाखवाल का?” सर म्हणाले होते, “बाई, हे साध्या डोळ्यांना दिसत नाही. एक्स-रे दिसतो का?” ती म्हणाली होती, “दिसतो की. दिसतो म्हणून तर काढतात.” सर हसले होते आणि पुढच्या दाराकडे गेले होते. सोसायटीत एवढा प्रश्न विचारणारं तेच एक घर होतं.

“आता मुख्य गोष्ट,” सर म्हणाले. “दर आठवड्याला हे येतंय कुठून? आज महाकवच स्रोत दाखवणार.”

त्यांनी आणखी एक बटण दाबलं. टीव्हीवर अक्षरं उमटली, ‘स्रोत : घर क्र. ११’.

अकरा नंबर संघमित्राचं घर. सगळ्या माना एकदम तिच्या दाराकडे वळल्या. सरांनी छापील रिपोर्ट परबांच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. गेल्या बुधवारी एका दिवसात, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, अकरा नंबरच्या लाईनवरून परबांच्या कॉम्प्युटरवर त्रेसष्ट हल्ले झाले होते.

“काहीतरीच,” संघमित्रा पायरी उतरून पुढे आली. “हे कशावरून ठरवलंत?”

“मी ठरवत नाही बाई. लॉग सांगतो. लॉग खोटं बोलत नाही.”

मागच्या ओळीतून कोणाचा तरी बायकी आवाज आला, “त्यांच्याकडे मशीनला हळदकुंकूपण लागत नाही ना.”

आवाज कोणाचा ते संघमित्राला ओळखू आलं. पंधरा वर्षं एका नळावर पाणी भरलेली बाई होती. सरांनी ते वाक्य वरच्या वर झेललं. “बरोबर बोललात ताई. श्रद्धेचं कवच नसेल तिथे वाट मोकळी मिळते.” जातीचं नाव कोणी काढलं नाही. काढायची गरज नव्हती; ज्याला जे समजायचं ते समजलं होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी देवेश घाईघाईने मध्ये पडला. “बाई, पर्सनल घेऊ नका. सेफ्टीचा प्रश्न आहे ना. पुढच्या रविवारी मीटिंग घेऊ. सगळ्यांचं म्हणणं पडलं तर केबलवाल्याला सांगून तुमची लाईन काढायची. तोपर्यंत फळ्यावर नोटीस लावतो, एवढंच.”

दुपारपर्यंत परबांच्याच कॉम्प्युटरवर टाइप केलेली नोटीस लागलीही. ‘घर क्र. ११ येथून विषाणूंचा प्रसार होत असल्याचे आढळले आहे. रहिवाशांनी काळजी घ्यावी.’ खाली सही आणि शिक्का. देवेशची कामाची एवढी तडफ गटार तुंबलं तेव्हा कोणी पाहिली नव्हती.

सोमवारी तिच्या क्लासच्या चौदांपैकी पाच मुलांच्या घरून निरोप आला की सध्या क्लास नको. मंगळवारी नळावर तिच्या बादलीपासून दुसऱ्या बादल्या हातभर लांब ठेवल्या गेल्या. कॉम्प्युटरचा विषाणू प्लॅस्टिकच्या बादलीला कसा लागतो, हे क्वांटम तरंगच जाणोत. संघमित्रा घरात आली आणि आईला म्हणाली, “जाऊ दे. लाईन काढली तर काढली. मोबाईलच्या नेटवर शिकवीन. कुठे यांच्या तोंडाला लागायचं?”

द्रौपदीबाई लसूण सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीला टेकलेलं, जालन्याकडून मुंबईला येऊन साठ वर्षं झाली तरी बोली तिकडचीच.

“आमच्या आईवर असंच नाव आलं व्हतं,” त्या म्हणाल्या.

संघमित्राने हे कधी ऐकलं नव्हतं.

“पाटलाची म्हैस मेली. देवरुषी आणला. त्यानं तांदूळ टाकले अन् म्हणला, करणी उगवतीकडच्या शेवटच्या घरातून आली. शेवटचं घर आमचं. कोणी मारलं न्हाई, शिव्याबी दिल्या न्हाईत. नुसतं बोलायचे बंद झाले. आई म्हणली, जाऊ दे, कुठं तोंडाला लागायचं. अन् एक दिवस आम्ही बोचकी बांधली.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “आई मरेस्तवर त्या गावात तिचं नाव तेच राहिलं. आपण गेलो म्हणजे लोक म्हणत्यात, खरं असंल म्हणूनच गेली. तू नको जाऊ.”

संघमित्राने आईच्या पुढ्यातला लसूण ओढून सोलायला घेतला. तिला राग आला होता, आणि पहिल्यांदाच त्या रागाचं तिला बरं वाटलं.

बुधवारी दुपारी दाराशी खाकरण्याचा आवाज आला. दत्ताराम परब उभे होते. सत्तरीचे, एकेकाळी गिरणीत फिटर, नंतर याच चारकोपच्या इस्टेटीत वीस वर्षं मशिनी दुरुस्त केलेले. हातात सरांनी दिलेला रिपोर्ट चार घड्या घालून धरला होता.

“बाय, येऊ काय गो आत?”

“या ना काका. माझ्या घरात यायला भीती नाही वाटत?”

परबांनी ते ऐकून घेतलं. “बोल, बोल. माका बोलूचो हक्क आसा तुका.” मग खुर्चीत बसून त्यांनी कागद उलगडला. “ह्या वाच. बुधवारी त्रेसष्ट हल्ले. तीन दिवस मी वाचतंय हो कागद, काहीतरी खटकत होता. आज सकाळी रुक्मिणी कॅलेंडरावर दुधाचो खाडो मांडत होती, तेव्हा डोक्यात इला. तो बुधवार कुठला?”

संघमित्राने तारीख पाहिली आणि ती ताडकन उठून उभी राहिली.

दसऱ्याचा आदला दिवस. खंडेनवमी. अवजारांच्या पूजेचा दिवस. परब आयुष्यभर यंत्रांवर जगलेले. खंडेनवमीला त्यांच्या घरी पान्हे, पक्कड, टेस्टर, पत्नी रुक्मिणीकाकूंचं शिलाई मशीन, सगळं पुसून पाटावर मांडलं जातं. कॉम्प्युटर घरात आल्यापासून तोही त्या रांगेत बसला होता. त्याच्यावर झेंडूची माळ पडते आणि दिवसभर त्याला कोणी हात लावत नाही.

आणि हे संघमित्राला ऐकून माहीत नव्हतं, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. विहारातल्या दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं पत्रक छापायला ती त्याच बुधवारी परबांकडे गेली होती, तिचा प्रिंटर बिघडला होता म्हणून. परबांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं, “आज यंत्राक हात लावूचो नाय, बाय. उद्या ये.” ती चरफडत नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली होती. त्या दिवशीचा तो राग आता तिच्या कामाला येणार होता.

“काका, तुम्ही नुसता बंद केला होतात की...”

“नुसतो बंद? मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः मागची वायर काढलंय. ती वायर तबकात ठेवलेली, पक्कडीच्या बाजूक, देवासमोर. दसऱ्याच्या सकाळी जोडलंय परत.” परबांचा आवाज चढला. “मेलेल्या यंत्रावर त्रेसष्ट हल्ले? एकतर माझी पूजा खोटी, नायतर हो रिपोर्ट खोटो. आणि माझी पूजा खोटी नाय.”

संघमित्राचा पूजेवर विश्वास नव्हता. पण आज तिच्या बाजूने उभा राहिलेला सगळ्यात खणखणीत साक्षीदार एका तबकातली वायर होती, आणि ती साक्ष तिने मोकळ्या मनाने घेतली.

“चला, तुमचा कॉम्प्युटर बघू,” ती म्हणाली.

परबांच्या घरी तिने पहिलं काम केलं ते इंटरनेटची वायर उपटण्याचं. “आत कोणी असेल तर त्याचा बाहेरचा रस्ता आधी बंद,” ती म्हणाली. मग तिने महाकवचाच्या चित्रावर उजवी कळ दाबून ते कुठल्या कप्प्यात राहतं ते शोधलं. रूट नव्हतं, क्वांटम नव्हतं. दहाबारा फाईली होत्या. त्यातली एक साध्या मजकुराची होती. ती उघडल्यावर दोघंही खुर्चीत पुढे सरकले. शब्द इंग्रजीत होते, पण इतके सोपे की परबांनाही वाचता आले. विषाणू कमीत कमी ४००. जास्तीत जास्त ४५०. शून्यावर यायला लागणारा वेळ, वीस सेकंद. त्याखाली भीती वाटेल अशा शंभरेक नावांची यादी. आणि शेवटी, स्रोत, बरोबरीची खूण, आणि हाताने टाइप केलेलं ११.

“हे काही तपासतच नाही, काका. चारशे ते साडेचारशेच्या मध्ये एक आकडा उचलतं आणि वीस सेकंदांत उतरवतं. हात फिरवा, नाहीतर फिरवू नका.”

“आणि तुझो नंबर?”

“तो सुबोध सरांनी लिहिला. मी प्रश्न विचारला होता म्हणून.”

शेजारच्या कप्प्यात दुसऱ्या फाईली होत्या, रोजच्या तारखेची एक. संघमित्राने एक उघडली आणि लगेच बंद केली. त्या घरात त्या दिवशी कळफलकावर जे जे टाइप झालं होतं ते त्यात उतरवून ठेवलेलं होतं. परबांचा पेन्शनचा पासवर्ड होता. विजेचं बिल भरायला येणारे, मुलांचे फॉर्म भरायला येणारे, सगळे त्यात होते. पहारेकरी म्हणून आणलेला चोर महिनाभर घरात बसून लिहून घेत होता आणि इंटरनेटच्या वायरीतून बाहेर पाठवत होता.

तिने तारखा पुन्हा पाहिल्या. मंगळवारची फाईल होती. गुरुवारची, दसऱ्याची होती. बुधवारची नव्हतीच. यंत्र बंद, मग चोर तरी काय लिहिणार? कॉम्प्युटर कधी सुरू झाला आणि कधी बंद झाला याची नोंद तो स्वतःही ठेवतो. तिने तीही उघडली. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता बंद. गुरुवारी सकाळी नऊला सुरू.

“आत्ताच काढून टाक हो उंदीर,” परब म्हणाले.

“रविवारपर्यंत थांबू. वायर जोडायची नाही आणि यावर काही टाइप करायचं नाही. मला तो सगळ्यांसमोर पकडायचा आहे. माझं नाव सगळ्यांसमोर घेतलं होतं.”

रविवारी अंगण पुन्हा भरलं. कॅरमच्या टेबलावर परबांचा कॉम्प्युटर आणि मोठा टीव्ही पुन्हा मांडला होता. केबलवाला पक्कड घेऊन टाकीच्या सावलीत उभा होता. सुबोध सर नवा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. देवेशने नोटीस वाचली आणि विचारलं, “कोणाची हरकत?”

“माझी,” दत्ताराम परब उठले. “सर, एक सांगा. तो बुधवारचा रिपोर्ट पक्का?”

“शंभर टक्के, काका. लॉग खोटं बोलत नाही.”

“बुधवारी कॉम्प्युटर चालू होता?”

“चालू असल्याशिवाय हल्ला कसा होईल?”

परबांनी पिशवीतून एक काळी वायर काढून टेबलावर ठेवली. तिला अजून हळदीचं पिवळं बोट लागलेलं होतं. “ही त्याची वायर. बुधवारी खंडेनवमी. मंगळवारी सांजेपासून दसऱ्याच्या सकाळपर्यंत ही माझ्या देवासमोर तबकात होती. रुक्मिणी साक्षीला आसा. आणि जिच्यावर आळ घेतलात ती बाई त्या दिवशी माझ्याकडे छापूक इलेली. तिका मी परत धाडली, आज यंत्र बंद म्हणून.”

अंगणात कुजबूज सुरू झाली. खंडेनवमीला परबांच्या घरी यंत्र चालत नाही, हे तिथल्या पस्तीसही घरांना माहीत होतं. सर एक क्षण अडखळले, पण असल्या माणसांची जीभ तेलपाणी केलेली असते.

“काका, तुम्हाला टेक्निकल कळणार नाही. वायर काढली तरी आत एक बॅटरी असते. तिच्यावर मशीन अर्धजागृत असतं.”

“असते,” संघमित्रा आता टेबलापाशी आली होती. “गोल, एक रुपयाच्या नाण्याएवढी. ती फक्त आतलं घड्याळ चालवते. तिच्यावर पंखासुद्धा फिरत नाही. तरी आपण भांडायला नको सर, करून बघू.”

तिने वायर जोडली, कॉम्प्युटर सुरू केला, मजकुराची ती फाईल टीव्हीवर उघडली आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. मग बटण दाबलं. भोंगा वाजला, ४३२ आकडा आला. संघमित्राने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ती लोकांकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या मागे आकडा आपला आपण उतरत गेला. वीस सेकंदांत शून्य.

“करामत सरांच्या तळव्याची नव्हती, वेळ फाईलमधला होता,” ती म्हणाली. “आता स्रोत बघू.” तिने ११ पुसून तिथे ४ लिहिलं. पुन्हा भोंगा, आणि टीव्हीवर ‘स्रोत : घर क्र. ४’.

चार नंबर देवेशचं घर. “ओ बाई, हे काय?” तो उठलाच.

“पर्सनल घेऊ नका. लॉग सांगतो.”

पहिलं हसू तिथे फुटलं. रुक्मिणीकाकू पदर खोचून पुढे आल्या. “आणि दुसरा काय घातला तर?”

“काहीही. तुम्ही सांगा काकू.”

“घाल, पाण्याची टाकी.”

‘स्रोत : घर क्र. पाण्याची टाकी’. आता सगळं अंगण हसलं. टाकीला टेकून उभा असलेला केबलवाला चटकन बाजूला सरकला, त्यावर आणखी हशा पिकला. सुबोध सरांनी हळूच पेन ड्राइव्हकडे हात नेला, पण रुक्मिणीकाकूंनी तो आधीच मुठीत घेतला होता. “मेल्याक तीन रविवार चाय पाजलंय मी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “हो आता पोलिसांकच देतलंय.”

“एक गोष्ट हसण्यासारखी नाही,” संघमित्राने आवाज चढवला. तिने टीव्हीची वायर काढली आणि देवेशला छोट्या पडद्यापाशी बोलावलं. “हे बाकीच्यांनी बघू नका. इथे तुमचं सगळ्यांचं खाजगी लिहिलेलं आहे. देवेश, नोटीस टाइप करायला इथे बसलात त्या दिवशी तुम्ही तुमचा मेलही उघडला होतात. हा तुमचाच पासवर्ड ना?”

देवेशने वाचलं. त्याने मान वर केली तेव्हा तो आधीचा सेक्रेटरी राहिला नव्हता. “वाट लागली,” एवढंच तो म्हणाला.

सर “मी कोर्टात खेचीन” असं काहीबाही बोलत फाटकाकडे निघाले. ज्या अकरा घरांनी महाकवच घेतलं होतं त्यांतली माणसं फाटकात उभी होती, त्यामुळे सरांना पोलीस येईपर्यंत चाफ्याखाली बसावं लागलं. तक्रारीचं पुढे काय झालं ते विचाराल, तर तारखा पडताहेत. गाळ्यावरची पाटी मात्र उतरली.

पोलिसांनी पेन ड्राइव्ह आणि फाईलींची नक्कल ताब्यात घेतली आणि मग संघमित्राने सगळ्यांसमोर तो उंदीर बाहेर काढला. कॉम्प्युटर कमीत कमी गोष्टी घेऊन सुरू होतो त्या पद्धतीने सुरू केला, म्हणजे महाकवचाला जागं होता येईना. मग ते काढून टाकलं, त्याचा कप्पा पुसला, आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव खोडलं. कॉम्प्युटरबरोबर मुळातच येणारा पहारेकरी सरांनी पहिल्याच दिवशी झोपवून ठेवला होता. त्याला उठवून सगळं यंत्र नीट तपासलं. त्याला पाऊण तास लागला, आणि भोंगा एकदाही वाजला नाही. “खरी तपासणी अशी कंटाळवाणी असते,” ती म्हणाली. “आणि पासवर्ड बदला. दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून बदला, आजच.” त्या अकरा घरांतही ती पुढच्या दोन दिवसांत जाऊन आली. त्यात ती नळावरची बाईही होती. संघमित्राने तिचं काम नीट केलं आणि चहा घेतला नाही.

त्याआधी, रविवारीच, देवेश फळ्यावरची नोटीस फाडायला गेला होता.

“फाडू नका,” संघमित्रा म्हणाली.

“झालं गेलं बाई. जाऊ दे ना आता.”

“जाऊ नाही द्यायचं. माझं नाव शिक्का मारून लिहिलंत. कागद फाडला तर नाव लोकांच्या डोक्यात तसंच राहील. त्याच्यावर काट मारा आणि खाली लिहा, काय झालं, कोण खोटं बोललं आणि आपण न विचारता कसा विश्वास ठेवला. सही आणि शिक्का.”

देवेशने इकडे तिकडे पाहिलं. कोणी त्याच्या मदतीला आलं नाही. त्याने लिहिलं. लिहिताना दोनदा थांबला, दोन्ही वेळा ती जागची हलली नाही.

द्रौपदीबाई काठी टेकत अंगणात आल्या आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या. पन्नाशीनंतर साक्षरता वर्गात शिकलेलं वाचन त्यांचं. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी सगळा कागद मोठ्याने वाचला. सगळे ऐकत उभे होते.

“आमच्या आईच्या टायमाला देवरुष्याला एकानं जरी विचारलं असतं ना,” त्या म्हणाल्या, “कधी केली करणी, कुठं केली, दाव, तर आम्ही आज तिथंच असतो.”

दत्ताराम परब वायर गुंडाळत होते. ते जरा थांबून म्हणाले, “बाय, पुढच्या खंडेनवमीक ह्याका हळदकुंकू लावू की नको?”

“लावा की काका. तुम्ही यंत्राला जपता, वायर काढून ठेवता, त्या दिवशी काय केलं ते लक्षात ठेवता. त्यानेच तर हा पकडला गेला. फक्त यंत्र काय सांगतं ते हात जोडून ऐकू नका. तपासा.”

वाचकहो, देवरुषी आता तांदूळ टाकत नाही. तो लाल चौकट दाखवतो, भोंगा वाजवतो, इंग्रजी बोलतो आणि ‘लॉग खोटं बोलत नाही’ म्हणतो. काम तेच करतो. तुम्हाला घाबरवतो आणि तुमच्यातल्याच एका घराकडे बोट दाखवतो. तेव्हा त्याच्या बोटाच्या दिशेने मान वळवण्याआधी द्रौपदीबाईंचे प्रश्न विचारा. कधी? कुठे? दाखव. सहवास सोसायटीच्या फळ्यावर तो काट मारलेला कागद अजून आहे. देवेशने दोनदा काढायचा विचार केला, पण अकरा नंबरचं दार फळ्याच्या बरोबर समोर आहे आणि ते दिवसभर उघडं असतं.